वीस मिनिटांची गाडी

जुनी मारुती एस्टीम नऊशे किलोच्या आसपास भरते. तेराशे सीसीचं अॅल्युमिनियमचं पेट्रोल इंजिन, पुढच्या चाकांना जोर, पाच गिअर, आणि डिकी एवढी की चौघांचं सामान भरून महाबळेश्वरला जाऊन यावं. नव्वदच्या दशकात ज्याने कर्ज काढून ही गाडी घेतली, त्याचं तिच्याकडे याहून जास्त मागणं नव्हतं. तरी भारतातल्या रॅली आणि सर्किटवरच्या शर्यतींचा इतिहास चाळला तर ही घरगुती गाडी पुन्हा पुन्हा भेटते. कारणं साधी आहेत. गाडी हलकी, सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळणारे, आणि तिचं इंजिन डोळे मिटून उघडेल असा मिस्त्री जवळपास प्रत्येक शहरात हजर.

खिशात मोजके पैसे असलेल्या हौशी माणसाला गाडी निवडताना या तीन गोष्टींपलीकडे फारसं बघावं लागत नाही. एस्टीम असो, झेन असो, २००५ ची पहिली स्विफ्ट असो की तिसऱ्या मालकाकडून आलेली होंडा सिटी. खरी परीक्षा पुढे असते: हातातले पैसे आधी कुठे घालायचे?

रस्त्यावरची गाडी दिवसभर चालते, पण तिला पुरता जोर क्वचितच लावावा लागतो. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने जातानाही इंजिन आपल्या ताकदीचा लहानसा हिस्साच वापरत असतं. जीव खाऊन ब्रेक दाबायची वेळ तर महिन्यातून एखाद्या दिवशी येते, कुत्रं आडवं आलं म्हणून. ट्रॅकवरचं एक सत्र साधारण पंधरा-वीस मिनिटांचं, आणि तेवढ्या वेळात पाय एकतर अॅक्सिलरेटर तळाला टेकवून असतो नाहीतर ब्रेकवर असतो. गाडीचा आराखडा काढणाऱ्या इंजिनियरने तिच्या आयुष्याचा जो हिशेब मांडला, त्यात ही वीस मिनिटं धरलेलीच नव्हती. सगळा खर्च त्या वीस मिनिटांपायी आहे.

हिशेब ब्रेकपासून सुरू करावा. चालकासह एक टन वजनाची गाडी सरळ पट्ट्यावर ताशी १४० ने येते आणि वळणाआधी ६० वर उतरते. या तीन-चार सेकंदांत सहाशे किलोज्यूलहून जास्त ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती उष्णता होऊन बहुतेक पुढच्या दोन डिस्कमध्ये जाते. एवढ्या उष्णतेत दोन लिटर पाण्याचं चहाचं आधण उकळून येईल. वळण एकच नसतं. दर फेरीत असं चार-पाच वेळा होतं, आणि दोन वळणांच्या मध्ये डिस्कला थंड व्हायला मिळतात ती मोजकी सेकंदं.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑईलमध्ये शिरते. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं. रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणातून ती हळूहळू आत येत राहते. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर हाच आकडा १४० वर येऊ शकतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. पुण्यातल्या सिग्नलवर या फरकाने काही बिघडत नाही. ट्रॅकवर मात्र तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ फरशीला टेकतं. गाडीचा वेग तसाच राहतो. म्हणून कमी पैशांच्या तयारीत पहिला खर्च ताज्या, वरच्या प्रतीच्या ब्रेक ऑईलचा. तीनशे अंशांच्या वर उकळणारं रेसिंगचं तेलही चार आकडी रकमेत भागतं. गाडीवर खर्च होणाऱ्या रुपयांत एवढं मोल दुसऱ्या कुठल्याच रुपयाला नाही.

तेल बदलायचं काम दोघांचं. एक जण सीटवर, दुसरा चाकापाशी उकिडवा, हातात आठ-दहाचा पाना आणि कॅलिपरच्या निपलला लावलेली पारदर्शक नळी, जिचं दुसरं टोक बाटलीत बुडवलेलं. चाकापाशी बसलेला म्हणतो, "दाब." आतला पेडल तीन-चार वेळा मारून दाबून धरतो. "धर." पाना पाव फेरा फिरतो, नळीतून काळपट तेल सरसरत येतं, मध्ये बुडबुड्यांची माळ. पाना पुन्हा आवळला जातो. "सोड." हा क्रम चुकला, निपल उघडं असताना पेडल सोडलं, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. रूढ पद्धतीत टाकीपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे येतात. नळीत मधाच्या रंगाचं, बुडबुडे नसलेलं तेल दिसेपर्यंत हे चालतं. दरम्यान वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, याची आठवण गॅरेजमधलं कुणीतरी करून देतंच.

पॅडचं गणित थोडं अवघड. रस्त्याचे पॅड थंडीतही लगेच धरतात, पण फार तापले की पकड सोडतात. ट्रॅकचे पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, किंचाळतात, डिस्क खातात. ज्याला त्याच गाडीने सोमवारी ऑफिस गाठायचंय त्याने मधला पॅड निवडावा, आणि सत्राची शेवटची फेरी ब्रेकला फारसा हात न लावता, वाऱ्यावर डिस्क थंड करत पुरी करावी. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या ड्रमला लायनर दाबून धरले की दोघांचंही नुकसान होतं. गाडी गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला अडण लावायची. या सवयीला काही खर्च येत नाही.

इंजिनाचं दुखणं वेगळं. साध्या गाडीत इंजिन ऑईल खालच्या चेंबरमध्ये साठतं आणि पंपाची नळी तिथून ते उचलते. लांब वळणात गाडी तेलाला एका बाजूला लोटते. बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाएवढा झाला तर चेंबरमधल्या तेलाची पातळी पंचेचाळीस अंशांत तिरपी होते आणि नळीचं तोंड उघडं पडतं. पंप हवा ओढतो. क्रँकच्या बेअरिंगना तेलाविना काही क्षण काढावे लागतात, आणि पाच-सहा हजार आरपीएमला तेवढे क्षणही महागात पडतात. आधी कळतं ते तेलाचा दिवा वळणात लुकलुकतो म्हणून. नंतर कळतं ते खालून टकटक ऐकू येते म्हणून. चेंबर उतरवून आत पत्र्याचे आडपडदे वेल्ड करणं, म्हणजे बॅफल लावणं, हे कुठल्याही चांगल्या वेल्डरच्या आवाक्यातलं काम आहे. ते होईपर्यंत तेलाची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या खाली जाऊ द्यायची नाही. पेट्रोलचंही तसंच. टाकी निम्म्याखाली गेली की काही गाड्या वळणातून बाहेर पडताना आचके देऊ लागतात, आणि नवखा माणूस उगाच प्लग नि कॉइल बदलत बसतो.

मग गरमी. चेन्नईची दुपार आणि एसीच्या कंडेन्सरआड लपलेला पंधरा वर्षांचा रेडिएटर ही जोडी इंजिनाला पुरती घातक. रेडिएटर उतरवून आतला गंज काढणं, थर्मोस्टॅट नवा घालणं, रबरी पाइप बदलणं ही कामं जुन्या गाडीला तशीही हवीच असतात. रेडिएटरच्या झाकणाकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. त्या झाकणाची स्प्रिंग आतला दाब टिकवते आणि त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांना उकळत नाही. स्प्रिंग सैल झाली की पाणी लवकर उकळतं, आणि पाठोपाठ हेड गॅस्केट जातं. फक्त ट्रॅकवरच राहणाऱ्या गाडीतून एसीचा सगळा पसारा काढला तर हवाही मोकळी मिळते आणि वजनही उतरतं.

वजन उतरवणं हा हौशी माणसाचा आवडता उद्योग, आणि तो योग्यच आहे. मागची सीट, गालिचे, स्टेपनी, जॅक, दारांची अस्तरं, फरशीला चिकटवलेले आवाज दाबणारे डांबरी पट्टे. हे पट्टे कोरड्या बर्फाने कडक करून हातोडीने ठोकले की तुकडे पडून निघतात. हलकी गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते, टायर कमी खाते. फुकट मिळणारा असा तिहेरी फायदा दुसऱ्या कुठल्या कामात नाही.

टायरची गोष्ट खडूने सुरू होते. टायरच्या कडेवर, जिथे चालीची नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते, तिथे खडूची आडवी रेघ तीन ठिकाणी मारायची आणि गाडी सत्राला सोडायची. परत आल्यावर रेघ किती पुसली गेली ते बघायचं. भिंतीपर्यंत पुसली असेल तर टायर वळणात लोळतोय. हवा कमी आहे. कडेवरची रेघ शाबूत असेल तर हवा जास्त आहे. थंड टायरमध्ये भरलेली हवा गरम झाल्यावर सहा-आठ पीएसआयने सहज वाढते, त्यामुळे मोजायची ती पिटमध्ये आल्या आल्या. पुढच्या चाकांच्या बाहेरच्या कडा लवकर झिजणं हे या सगळ्या पुढून ओढणाऱ्या, स्ट्रटवाल्या गाड्यांचं ठरलेलं दुखणं. वळणात गाडी कलते आणि टायर बाहेरच्या काठावर उभा राहतो. चाकाचा वरचा भाग दोन-अडीच अंश आत झुकवला, म्हणजे कॅम्बर दिला, की वळणात टायर पुरता टेकतो. त्यासाठी स्ट्रटचं भोक लांबट करतात किंवा विक्षेपी बोल्ट घालतात. हे काम किरकोळ पैशांत होतं आणि फरक पहिल्याच वळणात हाताला जाणवतो.

पॉवरबद्दल आतापर्यंत काही आलेलं नाही, ते मुद्दाम. टर्बो नसलेल्या तेराशे सीसीच्या इंजिनाला नवा सायलेन्सर, मोठा फिल्टर आणि ईसीयूचं नवं मॅपिंग देऊन जे काही घोडे वाढतात ते बहुधा एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्याच पैशांत टायरचा सेट येतो, किंवा एखाद्या प्रशिक्षकासोबत ट्रॅकवरचा दिवस. तरी बहुतेकांचा पहिला खर्च सायलेन्सरवर होतो, कारण त्याचा आवाज गल्लीत ऐकू येतो आणि ब्रेक ऑईलचा येत नाही. नवशिक्यांची ही ओढ समजण्यासारखी आहे. तिला आवर घालणारा एखादा वडीलधारा मिस्त्री लाभणं हे मोठंच भाग्य.

ही क्रमवारी नियमातच लिहून ठेवली तर काय होतं, याचं उत्तर अमेरिकेत मिळालं. ऑटोमोबाइल पत्रकार जे लॅम यांनी २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट ट्रॅकवर '२४ अवर्स ऑफ लेमन्स' ही शर्यत सुरू केली. अट एकच गाजली: गाडीची किंमत ५०० डॉलरच्या आत हवी. तेव्हाच्या दराने साधारण २२-२३ हजार रुपये. पण त्या अटीत एक शहाणपणाची पळवाट होती. रोल केज म्हणजे चालकाभोवतीचा लोखंडी पिंजरा, सीट, पट्टे, ब्रेक, टायर हे सुरक्षेचे खर्च त्या ५०० डॉलरमध्ये धरायचे नाहीत. म्हणजे इंजिनवर कितीही उधळावंसं वाटलं तरी हात बांधलेले, आणि जीव वाचवणाऱ्या गोष्टींवर हात मोकळा. गाडी महाग आहे असा पंचांना संशय आला तर सुरू होण्याआधीच दंडाच्या फेऱ्या लादल्या जातात.

तिथे कोण जिंकतं हे बघण्यासारखं आहे. शर्यत शनिवार-रविवार तासन् तास चालते आणि पुढे राहतात त्या जुन्या होंडा सिव्हिक, माझदा मियाटा, बीएमडब्ल्यूच्या ऐंशीच्या दशकातल्या थ्री सिरीज. यांच्यापेक्षा जोरदार इंजिनं मैदानात असतात, पण ती रविवारी दुपारपर्यंत पिटमध्ये बॉनेट उघडून उभी असतात. आणि या स्पर्धेचं सर्वांत मानाचं बक्षीस पहिल्या आलेल्या गाडीला मिळतच नाही. ते मिळतं अंगभूत कुवतीच्या कितीतरी पुढे गेलेल्या गाडीला. वॉशिंग्टनचे पोलीस अधिकारी जेफ ब्लॉक यांनी तर टोयोटाच्या व्हॅनवर सेसना विमानाचं धड बसवून ते शर्यतीत पळवलं. एवढी मोकळीक देणारी स्पर्धा रोल केजच्या नळीची जाडी मात्र मिलिमीटरच्या अंशापर्यंत तपासते.

आपल्याकडे ही कल्पकता नव्हती असं अजिबात नाही. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या, आणि त्यांत परदेशी गाड्यांसोबत आपल्या फियाट आणि स्टँडर्ड हेराल्डही उतरल्या. यातली फियाट मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियरच्या कारखान्यात बनायची. पुढे कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८८ च्या सुमारास मारुती ८०० चं ७९६ सीसीचं, चाळीसही घोड्यांचं नसलेलं इंजिन उचललं आणि त्याभोवती एकआसनी उघड्या चाकांची रेसिंग कार उभी केली. फॉर्म्युला मारुती. सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे, म्हणून शर्यत परवडणारी. याच गाडीत नारायण कार्तिकेयन शर्यत शिकला आणि २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइम्बतूरजवळचा सव्वादोन किलोमीटरहून थोडा लहान ट्रॅक आज करी मोटर स्पीडवे याच नावाने ओळखला जातो. साध्या माणसासाठी शर्यतीचं दार उघडणारा एवढा मोठा माणूस महाराष्ट्रात नावानेही फारसा माहीत नाही, याची खंत वाटते.

महाराष्ट्रातल्या हौशी माणसाची वाटही शेवटी तिकडेच जाते. कोल्हापूरला मोहिते यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत आणि कोल्हापूरच्या पोरांनी रेसिंगमध्ये नाव काढलंय, पण स्वतःची मोटार घेऊन सर्किटवर उतरायचं तर बहुधा करी नाहीतर चेन्नई-बंगळूर रस्त्यावरचं इरुंगट्टुकोट्टई. पुण्याहून चेन्नई हजार-बाराशे किलोमीटर. गाडी स्वतः चालवत न्यावी तर मागच्या सीटच्या जागी टायर, पाने आणि तेलाचे डबे भरायचे, आणि परतीच्या प्रवासासाठी गाडी धडधाकट ठेवायची. फ्लॅटबेडवर लादून न्यावी तर भाड्यात टायरचा सेट जातो. विम्याच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी स्पष्ट शब्दांत वगळलेली असते, म्हणून ट्रॅकवर जे मोडेल ते स्वतःच्या खिशातून.

कायद्याची बाजूही नीट समजून घ्यावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. सीट काढून आत लोखंडी पिंजरा वेल्ड केलेली गाडी आरटीओच्या नजरेत रस्त्याची राहत नाही. त्याहून महत्त्वाचं कारण शरीराचं आहे. रोल केजची नळी डोक्यापासून वीतभर अंतरावर असते. हेल्मेट आणि पाच-सहा बिंदूंचे पट्टे असतील तर ती नळी जीव वाचवते. हेल्मेटविना, साध्या पट्ट्यात, सिग्नलवर मागून बसलेल्या धक्क्यानेही तीच नळी कवटी फोडू शकते. म्हणून एकच गाडी रस्त्याला आणि शर्यतीला वापरायची असेल तर केज नको, वेगही आवरता हवा. आणि केज बसवला की त्या गाडीने पुन्हा भाजी आणायला जायचं नाही. दोन्हीच्या मधली अवस्था सर्वांत धोक्याची, आणि हौशी गॅरेजांत तीच सर्रास दिसते.

जुन्या वस्तूंत पैसे वाचवताना एक हद्द पाळलीच पाहिजे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून सेकंडहँड गिअरबॉक्स आणावा, दारं आणावीत, रिम आणावेत. पट्टे आणि हेल्मेट आणू नयेत. एफआयएच्या मानकाचे पट्टे उत्पादनानंतर पाच वर्षांनी बाद होतात, कारण उन्हाने आणि वापराने त्यांचा धागा कमकुवत होतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मान धरून ठेवणारं हॅन्स उपकरण अमेरिकेत रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी ऐंशीच्या दशकात बनवलं. ते सगळ्यांच्या गळी उतरायला फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतला नामवंत शर्यतपटू डेल अर्नहार्ट याचा शर्यतीत मृत्यू घडावा लागला. फॉर्म्युला वनने ते २००३ पासून सक्तीचं केलं. हौशी माणसाची मान काही वेगळ्या हाडाची नसते.

आता एक संधी दारात उभी आहे. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलं, आणि सुस्थितीतल्या कितीतरी झेन, एस्टीम, पहिल्या स्विफ्ट भंगाराच्या वाटेला लागल्या. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाने आणि त्याच्या क्लबांनी यांच्यासाठी एक वर्ग काढावा. गाडीच्या किमतीला आणि इंजिनावरच्या खर्चाला कडक मर्यादा; केज, सीट, पट्टे, हॅन्स, ब्रेक, टायर मर्यादेबाहेर. एका गाडीत चार-पाच चालक, म्हणजे खर्च वाटला जाईल आणि इचलकरंजीचा मिस्त्री, नाशिकची इंजिनियरिंगची विद्यार्थिनी आणि ठाण्याचा बँक कर्मचारी एकाच संघात बसू शकतील. शर्यत छोटी नको, सहा तासांची हवी, म्हणजे इंजिन ताणणाऱ्यापेक्षा ते जपणारा पुढे जाईल. आणि छाननीत अधिकाऱ्याने बॉनेट उघडायला सांगण्याआधी दोन गोष्टी मागाव्यात: पट्ट्यांवरची तारीख, आणि ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं त्याचं बिल.